डावीकडची फळी

इंदूरचे आमचे घरमालक काका भाडेकरू निवडताना एकच प्रश्न विचारायचे, "रविवारी सकाळी तुम्ही काय करता?" आम्ही खोल्या बघायला गेलो तेव्हा माझ्या नवऱ्याला वाटलं, माणूस भजनी मंडळातला असणार, हो म्हटलं की गळ्यात टाळ अडकवेल. म्हणून तो जपून म्हणाला, "विशेष काही नाही." काकांनी लगेच किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. आमच्या आधी बँकेतले एक साहेब येऊन गेले होते. त्यांनी उत्साहाने सांगितलं की रविवारी मी गाण्याचा रियाज करतो. काकांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. "गाणारे नकोत बाई," ते नंतर मला म्हणाले, "गाणारे ऐकत नाहीत. आपला नंबर कधी लागतो ते बघत बसतात."

घर स्नेहलतागंजमध्ये, स्टेशनजवळ. खाली काका आणि काकू, वर आमच्या दोन खोल्या. आम्ही मूळचे नाशिकचे. नवऱ्याला पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि मला इथल्या एका मराठी शाळेत. त्या वर्षांत इंदुरात दोन तऱ्हेची माणसं दिसायची. एक सकाळी पीथमपूरच्या बसमध्ये चढणारी, आणि दुसरी मिलच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणारी. काका दुसऱ्या तऱ्हेचे. ते कापड मिलच्या लूमखात्यात जॉबर होते, म्हणजे मागांच्या एका रांगेचे मुकादम. आम्ही राहायला आलो तेव्हा मिल थोड्या दिवसांसाठी बंद आहे असं सगळे सांगत. ते थोडे दिवस काही संपले नाहीत.

पहिल्याच रविवारी काकू जिन्याखाली येऊन म्हणाल्या, "चला, बोलवलंय." मला वाटलं पोह्यांना बोलवलं असेल. पोहे होते, पण ते नंतर. आधी आम्हाला सतरंजीवर बसवण्यात आलं. समोर लाकडी खोक्याचा जुना रेकॉर्ड प्लेअर आणि भिंतीला दोन फळ्या. डावीकडची फळी ओसंडून वाहत होती, उजवीकडची अर्धी भरलेली. काकांनी डावीकडून एक रेकॉर्ड काढली आणि तिचं कव्हर मोठ्याने वाचायला घेतलं. गाणारी बाई कोण, हार्मोनियमवर कोण, तबल्यावर कोण, हे ठीक. पण मग कव्हर कुठल्या छापखान्यात छापलं, त्या छापखान्याची गल्ली कुठली, हेही वाचलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी सतरंजीकडे बघितलं.

गाणारी बाई आम्ही कधी ऐकलेली नव्हती. कोणीच ऐकलेली नव्हती, आणि तीच तर अट होती. काकांच्या घरात नावाजलेल्या गवयाची एकही रेकॉर्ड नव्हती. कबाड्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, गठ्ठ्यात एखादी आलीच तर ते ती दुसऱ्या दिवशी परत नेऊन द्यायचे. "त्यांना ऐकायला सगळा मुलुख आहे, आपली गरज नाही," म्हणायचे. त्यांना हव्या असत त्या न चाललेल्या रेकॉर्डी. गावोगावचे कीर्तनकार, कुठल्याशा संस्थानाचे शेवटचे दरबारी गवई, एकच रेकॉर्ड निघून विसरल्या गेलेल्या बाया, लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले. अशी प्रत्येक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकायची. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, चहा घ्यायचा नाही. रेकॉर्ड चालू असेपर्यंत काका डावा तळहात खोक्यावर ठेवून डोळे मिटून बसत. आजारी पोराच्या कपाळावर हात ठेवतात तसा तो हात असायचा. मला तो भक्तीचा प्रकार वाटायचा आणि, खरं सांगायचं तर, थोडा नाटकी वाटायचा.

दुसरी बाजू संपली की काका उठून उभे राहत. कव्हरवरचं मुख्य नाव पुन्हा एकदा घेत आणि त्या नावाला उद्देशून म्हणत, "ऐकलं हो." मग ती रेकॉर्ड उजवीकडच्या फळीवर जायची. तिथून ती पुन्हा कधीच खाली येत नसे. मी एकदा विचारलं, एखादी आवडली तर परत नाही का लावायची? तर म्हणाले, "बाकीचे लाईनीत आहेत ना, बाई. एकाने दोनदा जेवायचं आणि दुसऱ्याने उपाशी राहायचं, हे कुठलं?"

एकट्याने का ऐकत नाही, यावरही त्यांचं उत्तर तयार होतं. "एकट्याने ऐकलं ते कानावर पडलं. साक्षीदार पाहिजे." काकू कित्येक वर्षं साक्षीदार होत्या. त्या बिनतक्रार बसायच्या, पण मांडीवर लसणाची टोपली असायची. नियमात लसूण सोलायला बंदी नव्हती.

कबाड्याकडे मी त्यांच्याबरोबर एकदा गेले होते. रानीपुऱ्याच्या मागे एका बोळात त्याचं दुकान. घरोघरी कॅसेटी आल्या होत्या, रंगीत टीव्ही आले होते, जुनं ते सगळं बाहेर काढायची घाई लागली होती, आणि मिलवाल्यांची घरंही रिकामी होत होती. त्यामुळे त्याच्याकडे रेकॉर्डींचा ढीग पडलेला. काका एकेक कव्हर पुसून बघत होते. कबाडी वैतागून म्हणाला, "भिया, अच्छा माल उधर रखा हे. ये तो कोई मुफत में बी नी ले जाता."

"इसीलिए तो ले जा रिया हूँ," काका म्हणाले.

हे वेड लागलं कुठून, असं मी विचारलं नव्हतं. एकदा त्यांनीच सांगितलं. जिन्यावर कपडे वाळत होते, त्यातली एक चादर त्यांनी बोटांत धरली. "ही आमच्या खात्यातली आहे. काठ बघून सांगतो. पण कोणी विणली? नाही सांगू शकत. शिक्का मिलचा, माणसाचा नाही. ते ठीक आहे, आम्ही मजूर माणसं. पण हे जे गाणारे आहेत ना, यांचं नाव छापलंय. नाव छापून जर कोणी ऐकलंच नाही, तर हे आमच्यापेक्षा खाली गेले की नाही?" मी म्हटलं, तुम्ही ऐकून त्यांना काय मिळणार? त्यांना कुठे कळतंय? काका चादर सोडून म्हणाले, "त्यांना नाही माहीत पडणार. पण मग असं तर नाही ना बोलता येणार, की कोणीच नाही ऐकलं." त्या माणसाने आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला माहीत नाही.

मिलबद्दल ते फारसं बोलत नसत. बाकीचे मिलवाले चौकात बसून आज फाटक उघडेल, उद्या उघडेल करत. नवा मालक येतोय, सरकार घेतंय, रोज नवी आवई. काका म्हणत, "गेली ती. मेलेल्या माणसाची नाडी कशाला धरून बसता?" हे ऐकून एक जण त्यांच्या अंगावर धावून आला होता म्हणतात. पण सकाळच्या पाळीच्या वेळेला काकाही घरातून निघायचे आणि फाटकापर्यंत जाऊन यायचे. काकू म्हणायच्या, "तोंडाने बोलतात गेली, आणि पाय ऐकत नाहीत." त्यांच्याबरोबरच्या एकाने भाजीची गाडी लावली, एकाने रिक्षा घेतली, एकाने विष घेतलं. घर काकूंच्या मसाल्यावर आणि आमच्या भाड्यावर चाललं होतं.

मिलची एक गोष्ट मात्र त्यांच्यात तशीच राहिली. लूमखात्यात एवढा खडखडाट असतो की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नाही. तिथे हातांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, साहेब येतोय, बायको कशी आहे, सगळ्याला खुणा. काका रस्त्याच्या या कडेला आणि त्यांचा दोस्त त्या कडेला, मध्ये टेंपो आणि रिक्षा, आणि दोघं पंधरावीस मिनिटं निवांत गप्पा मारत उभे, अवाक्षर न काढता. काकूही त्यांच्याशी तसंच भांडायच्या. आणि काका समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मी नवीन होते तेव्हा मला ते अवघड वाटायचं, पदर सारखा करावासा वाटायचा. मग कळलं की सगळेच लूमवाले असं बघतात.

आता मुख्य गोष्टीकडे येते, जी मला कळायला नको होती.

काकांना गाणाऱ्यांच्या थांबण्याचं फार कौतुक. रेकॉर्ड संपली, "ऐकलं हो" झालं, पोहे आले, की ते सांगायला लागत, "ती बाई थांबली बघा. एवढं गाऊन एकदम थांबली. काही नाही, नुसतं गाणं खाली ठेवलं. हिंमत लागते." मी मान हलवायची. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण एवढं कळत होतं की ती बाई थांबली तेव्हा मागे व्हायोलिन वाजत होतं. चांगलं जोरात वाजत होतं, उंच सुरात. पुढच्या रविवारी दुसरा कोणी. काका म्हणाले, "कसा गप्प राहिला." तो गप्प राहिला तेव्हा बासरी चालू होती. मला वाटलं, जाणकार माणूस आहे, साथीकडे लक्ष देत नसेल, मोठ्या लोकांचं असतं तसं.

वर येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "त्यांना ऐकू येत नसेल." त्याच्या कारखान्यात मशीनजवळच्या लोकांना कानात घालायला बोळे देत आणि मधूनमधून त्यांचे कान तपासत. त्याने समजावून सांगितलं की खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाचे आधी बारीक, उंच आवाज जातात. जाडे राहतात. माणसाला कळतही नाही, कारण जे ऐकूच येत नाही ते गेलं हे कळणार कसं? मग मला सगळं दिसायला लागलं. कुकरची शिट्टी झाली की काकू धावायच्या, काका शेजारी बसलेले असले तरी. दाराची घंटा वाजली तर ते हलत नसत, पण कोणी दार ठोठावलं तर उठत. खोक्यावर ठेवलेला तो तळहातही भक्तीचा नव्हता. लूममध्ये बिघाड झाला तर तो कानाने नाही, हाताने कळतो. काका हाताने ऐकत होते.

मी काकूंना विचारलं. त्या मिरच्या निवडत होत्या, तशाच निवडत राहिल्या. "माहीत आहे मला. मिलवाले सगळे असेच होतात. तुम्ही बोलू नका त्यांना," त्या म्हणाल्या. मग एक नासकी मिरची बाजूला टाकत, "मिल गेली, पोरगी लग्न होऊन लांब गेली. हे एवढंच आहे हो त्यांचं. ते समजतात की आपण सगळ्यांना ऐकलं. समजू द्या."

मी कशाला बोलते? चाललं तसं चालू राहिलं असतं. पण डावीकडच्या फळीवरून एक दिवस ती जलतरंगाची रेकॉर्ड निघाली.

जलतरंग म्हणजे पाणी भरलेले चिनी मातीचे प्याले, अर्धगोलात मांडायचे आणि बारीक काड्यांनी वाजवायचे. काकांनी नेहमीसारखं कव्हर वाचलं. वाजवणारा महूचा होता, लष्कराच्या बँडमधला. रेकॉर्ड लागली. खोलीभर प्याल्यांची किणकिण सुरू झाली, खाली तबल्याचा ठेका. काकांचा हात खोक्यावर होता. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. सुईकडे बघितलं, खाली वाकून तिच्यावर फुंकर मारली, पुन्हा बसले. आवाज वाढवला. किणकिण एवढी वाढली की काकूंनी लसूण थांबवला. काका मात्र कोणीतरी यायचं असल्यासारखे दाराकडे बघत बसून होते. पहिली बाजू संपली, त्यांनी दुसरी लावली. तीही तशीच गेली.

संपल्यावर ते उभे राहिले, पण "ऐकलं हो" म्हणाले नाहीत.

"आलाच नाही," ते म्हणाले. "नुसता डग्गा आहे. तबलेवाला बिचारा बसून ठेका देतोय, देतोय, आणि हा माणूस आलाच नाही. कंपनीने तसंच छापून टाकलं. असं करतात का कोणी?"

माझा नवरा तोंड उघडणार होता. काकूंनी हाताने कसलीशी खूण केली. ती मिलची खूण होती, आम्हाला येत नव्हती, पण कळली. काकांनी कव्हरवरचं नाव घेतलं आणि म्हणाले, "वाट बघितली हो." मग त्या रेकॉर्डचं काय करावं ते त्यांना सुचेना. ऐकली म्हणावी तर माणूस आला नव्हता, बाकी म्हणावी तर दोन्ही बाजू झाल्या होत्या. त्यांनी ती दोन्ही फळ्यांवर न ठेवता रेडिओवर ठेवली.

तिथे ती त्यांना खुपत राहिली. जाता-येता उचलून बघायचे. जन्मात एकदा बोलावणं आलं आणि हा गेला नाही, म्हणजे काय झालं असेल? आजारी पडला? पोर गेलं? गाडी चुकली? बँडवाल्यांकडे विचारत विचारत त्यांनी पत्ता काढला. माणूस जिवंत होता, महूलाच होता. काका म्हणाले, "जाऊन विचारतो." काकूंनी सगळे उपाय केले. ऊन आहे म्हणाल्या, बस मिळणार नाही म्हणाल्या, म्हाताऱ्याला कशाला त्रास म्हणाल्या. ऐकेनात. तेव्हा माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही जा सोबत. माझ्याच्याने नाही बघवणार." शाळेला सुट्टी होती. मी गेले.

बसमध्ये काका खुशीत होते. राऊला बस थांबली तेव्हा त्यांनी मला कचोरी घेऊन दिली. रेकॉर्ड रुमालात बांधून मांडीवर. "मी रागावणार नाही त्याला," ते म्हणाले. "फक्त विचारणार. कारण सांगितलं की मग ती रेकॉर्ड उजवीकडे ठेवता येईल."

महूच्या एका बोळात त्या जलतरंगवाल्याची, मास्टरजींची, एकच खोली होती. ऐंशीच्या घरातला वाळलेला माणूस, हात थरथरणारे. काकांनी रुमाल सोडून रेकॉर्ड पुढे केली, तेव्हा ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांची स्वतःची प्रत कधीच फुटली होती. "ये आपके पास कैसे? आपने सुनी है?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सुनेला हाका मारायला लागले. प्याले काढा म्हणाले. बरेचसे माळ्यावर होते. एकात सुनेने दही लावलं होतं, ते दुसऱ्या भांड्यात काढून प्याला धुऊन आणला. पाटावर अर्धगोलात प्याले लागले. मास्टरजींनी लोट्याने पाणी ओतलं, चमच्याने थोडं थोडं काढत सूर जमवला.

काका म्हणाले, "मास्टरजी, एक बात पूछनी थी. उस दिन रेकॉर्डिंग में आप..."

"पहले सुन लो," मास्टरजी म्हणाले. "फिर पूछना."

आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. हात थरथरत होते, पण काड्या प्याल्यावर पडेपर्यंत स्थिर व्हायच्या. मला ते आवडलं, हे मी गाण्याबजावण्याबद्दल फार थोड्या वेळा सांगू शकते. मी काकांकडे बघितलं. ते काड्यांकडे बघत होते. काडी पडत होती, पाणी थरारत होतं, पुन्हा पडत होती, पुन्हा थरारत होतं. काकांनी कान पुढे केला. मग हळूच सरकून पाटावर तळहात ठेवला. मास्टरजींना वाटलं नमस्कार करतोय, ते हसले आणि आणखी जोरात वाजवायला लागले. काकांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते, की त्यांनी माझ्याकडे बघितलं, मला ऐकू येतंय हे त्यांना माझ्या तोंडावर दिसलं, आणि ते सगळं समजले.

वाजवणं संपलं. मास्टरजींनी विचारलं, "कैसा लगा?"

काका उभे राहिले. "सुना, मास्टरजी. पूरा सुना." मग कव्हरवरचं नाव घेतलं आणि म्हणाले, "ऐकलं हो."

मास्टरजींनी काड्या खाली ठेवून हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "इत्ते बरस में आप पहले आदमी हो, जिसने घर आके बोला," ते म्हणाले. मग डोळे पुसून, "आप कुछ पूछ रहे थे?"

"कुछ नी," काका म्हणाले.

रेकॉर्ड त्यांनी मास्टरजींकडेच ठेवली. त्या घरात ती वाजवायला काही नव्हतं. सुनेने देवांच्या शेजारी उभी करून ठेवली.

परतीच्या बसमध्ये आम्ही मागच्या सीटवर होतो. राऊ गेलं, राजेंद्र नगर आलं. तेव्हा काका खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तो आला होता, बाई. मीच नव्हतो."

मी म्हटलं, असं नका म्हणू, तुम्ही एवढ्या लांबून गेलात. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, त्यामुळे त्यांच्यापर्यंत ते काही पोचलं नाही.

पुढच्या रविवारी कोणी बोलवायला आलं नाही. मीच खाली गेले. उजवीकडची फळी रिकामी होती. इतक्या वर्षांत ऐकून झालेली प्रत्येक रेकॉर्ड काकांनी पुन्हा डावीकडे नेली होती. मावत नव्हत्या म्हणून जमिनीवर थप्प्या लावल्या होत्या. काकू दारात उभ्या होत्या. "रात्रभर हेच," त्या म्हणाल्या. "बोलतात, सगळ्यांना खोटं बोललो मी. आता पहिल्यापासून."

पण पहिल्यापासून ऐकणार कोण? काकांनी त्यावरही विचार केला होता. त्यांनी मला समोर बसवलं. "तुम्ही ऐका, बाई. मी तुमचं तोंड बघतो. मिलमध्ये आम्ही तोंड बघूनच सगळं समजायचो. तुमच्या तोंडावर जे येईल, ते माझं ऐकणं." माझा नवरा असता तर हसला असता. मला हसू आलं नाही. मी बसले. त्यांनी वरची पहिली रेकॉर्ड घेतली, छापखान्याच्या गल्लीपर्यंत कव्हर वाचलं, सुई ठेवली आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघायला लागले. खोक्याला हात लावला नाही.

कोणी एक बुवा होते. जुना, घोगरा आवाज, एकच ओळ पुन्हा पुन्हा. मी मन लावून ऐकायला लागले. वर्गात पोरांची तीच ती उत्तरं ऐकताना चेहरा कसा ठेवायचा याची मला सवय आहे. पण ते बुवा वाईट गात होते. कोणी ऐकलं नाही यात जगाची काही चूक नव्हती, असं ते गाणं होतं. मी भुवया वर धरून ठेवल्या, मान डोलावली. पण एका माणसाने तोंडाकडे टक लावून बघावं आणि तिकडे बुवांनी तीच ओळ पुन्हा धरावी, असं किती वेळ चालणार? माझा चेहरा पडला असणार. मला कळलं नाही, त्यांना कळलं.

काकांनी हात पुढे केला आणि मधूनच सुई उचलली. इतक्या वर्षांत त्या घरात कुठलीही रेकॉर्ड मध्येच थांबली नव्हती. काकू लसणाची टोपली घेऊन बसलेल्या, त्या दचकून उभ्या राहिल्या.

"नको," काका म्हणाले. "बिचाऱ्याला असं नको." रेकॉर्ड कव्हरमध्ये घालून त्यांनी डावीकडे ठेवली. "तुमची काही चूक नाही, बाई. तुम्हाला रविवारची सुट्टी."

त्यानंतर प्लेअरवर कापड पडलं ते पडलंच. उजवीकडची फळी काही दिवस तशीच राहिली. मग काकूंनी तिथे मसाल्याच्या बरण्या ठेवल्या. काका सकाळी फाटकापर्यंत जायचे तेही थांबले. दुपारी खोक्याजवळ बसलेले दिसायचे. मित्र रस्त्यापलीकडून खुणा करायचा, तर ते मानेनेच नाही म्हणायचे. मिलची चिमणी त्याच सुमारास पाडली. आवाज खूप मोठा झाला असं लोक म्हणतात. काका अंगणात होते आणि त्यांना तो आवाज आला. त्यांनी वर बघितलं.

आम्ही पुढे राजेंद्र नगरला घर घेतलं. सामान हलवायच्या दिवशी मी खाली निरोप घेत होते, तेव्हा एक तरुण जोडपं आमच्या खोल्या बघायला आलं. मुलगी सारखी नवऱ्याकडे बघत होती, काय विचारतील या काळजीत. काकांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली. त्यांनी काही विचारलं नाही.